वीस किलोमीटरच्या आत

माझ्या मुलाने माझ्या गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि वर मलाच विचारलं, "आई, चहा टाकतेस ना?"

आणि मी टाकला. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याचाच मला अजून जास्त राग येतो. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई मी. ऐन उमेदीची सगळी वर्षं कुलारीच्या शाळेची बस चालवली. गावातली आज चाळिशी-पन्नाशीला आलेली निम्मी माणसं मी लहानपणी घरी पोचवली आहेत, कुणाचं दप्तर उचलून, कुणाची उलटी पुसून. आणि मुलाने समोर बसून खिशात किल्ली टाकली, तर मी मुकाट उठून किटली शोधत फिरले. पोरांना चहा द्यायची सवय हाडात मुरलेली असते, ती काही जात नाही.

रविवारची सकाळ होती. रसेल शहरातून पाच तास गाडी हाकत, न कळवता आला होता. न कळवता येणारा मुलगा एक तर पैसे मागायला येतो, नाहीतर शहाणपण शिकवायला. रसेलकडे पैसे पुष्कळ आहेत.

"मला मेरंगाहून फोन आला होता," तो म्हणाला.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "क्लेमला काही झालं?"

"बाबा ठीक आहेत. फोन तुझ्याबद्दल होता."

क्लेम म्हणजे माझा नवरा. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो मेरंगाच्या वृद्धाश्रमात आहे, कारण आमच्या कुलारीत एक दुकान, एक दारूचा गुत्ता, एक चर्च आणि गव्हाची कोठारं यापलीकडे काही नाही. मेरंगा इथून पन्नास किलोमीटर. सरळसोट रस्ता, मधे हमरस्त्याचा एक चौक. तिथे दुपारी बाराला जेवण येतं आणि अर्ध्या तासाने ताटं उचलतात. क्लेम माझ्या हातूनच खातो. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला तर तोंड घट्ट मिटून खिडकीबाहेर बघतो. सकाळची लापशी आणि रात्रीचं सूप नर्सेसनी कसंबसं ओतलं तर ओतलं. खरं जेवण म्हणजे दुपारचं. म्हणून मी रोज जाते. ऊन असो, पाऊस असो, जाते.

"माझ्याबद्दल काय फोन?" मी विचारलं.

"तू गुरुवारी दुसऱ्याचीच गाडी घेऊन तिथे गेलीस, आई." तो अगदी हळू आवाजात बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "मागे दुसऱ्याचा कुत्राही होता म्हणे."

मी हसले. खरंच हसले, कारण गुरुवारची गोष्ट मला तोपर्यंत गंमतच वाटत होती.

तर गुरुवारचं असं. आमच्या गावात ज्याच्या त्याच्याकडे पांढरी यूट, मागे उघडा हौदा असलेली. आणि गाडीची किल्ली गाडीलाच. कुलारीत किल्ली काढून नेणारा माणूस एक तर पाहुणा असतो नाहीतर चोर. कधी गवताला आग लागली की जो जवळ असेल त्याने जी जवळ असेल ती गाडी हलवायची, ही आमची पूर्वापार पद्धत. गव्हाची कापणी ऐन भरात होती आणि शेनच्या कापणीयंत्राचा पट्टा तुटला होता. हा शेन आमचा शेजारी, पंचेचाळिशीचा, माझ्याच बसमधून शाळेत गेलेला. तो दुकानातून नवा पट्टा खांद्यावर टाकून धावत बाहेर आला, समोर दिसलेल्या पहिल्या पांढऱ्या यूटमध्ये बसला आणि सुसाट गेला. ती यूट माझी होती.

मी कोंबड्यांचं खाद्य घेऊन बाहेर आले तर माझी गाडी नाही. शेजारी शेनची उभी, किल्ली लावलेली, आणि हौद्यात त्याचा कुत्रा, मालक कुठे गेला म्हणून वेड्यासारखा इकडे तिकडे बघणारा. मी दुकानदाराला सांगितलं, "शेन शुद्धीवर आला की सांग, त्याची गाडी मी नेतेय. संध्याकाळी बदलू." दुकानदार म्हणाला, "कुत्र्याला पाणी पाज गं." आणि मी निघाले. क्लेमच्या जेवणाची वेळ होत आली होती. दुसरं काय करणार होते मी?

मेरंगाच्या वृद्धाश्रमात नवी मॅनेजर आली आहे, ब्रिआना नावाची. पोरगी शहरातली, दात फार पांढरे. मला ती डार्लिंग म्हणते. मी दारातच तिच्याकडे पाण्याचं भांडं मागितलं.

"नोला डार्लिंग, कुत्रा पाळलात?"

"माझा नाही तो."

"मग कुणाचा?"

"शेनचा."

"आणि ही गाडी? तुमची तर नेहमी ती आरशाला निळी फीत बांधलेली असते ना?"

"हीही शेनचीच."

"अस्सं," ब्रिआना म्हणाली, आणि माझ्या दंडाला धरून मला आत नेलं. मला वाटलं, पोरीला माया आहे. ती माया नव्हती. मी आत भोपळा भरवत असताना बाई रसेलला फोन लावून बसल्या होत्या.

हे सगळं मी रसेलला सांगितलं. पहिल्यापासून, नीट, न चिडता. त्याने मान डोलावली. लहान मूल परी दिसली म्हणून सांगतं तेव्हा आपण डोलावतो तशी.

"असेल गं आई."

"असेल काय? असंच झालं."

"हो, हो. पण कधी ना कधी हे थांबवायलाच लागणार ना? येत्या वाढदिवसाला तुला पंच्याऐंशी होतील. मग एक तर रस्त्यावरची परीक्षा, नाहीतर ठरावीक अंतराचं लायसन्स. मी चौकशी केली. घरापासून वीस किलोमीटरचं मिळेल, परीक्षेची कटकट नाही. उद्या डॉक्टरांना फोन करतो. तोवर किल्ली माझ्याकडे राहू दे."

"वीस किलोमीटरमध्ये काय येतं?"

"सगळं येतं. दुकान येतं, चर्च येतं, तुझ्या मैत्रिणी येतात."

"तुझा बाप येत नाही त्यात."

त्याने चहात साखर ढवळली. साखर तो घेत नाही.

एवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि शेन आत आला. कापडात गुंडाळलेली कोकराची तंगडी घेऊन आला होता. आमच्याकडे माफी तोंडाने फारशी मागत नाहीत, मटण आणून देतात.

"मिसेस पी, गुरुवारबद्दल ही घ्या," तो म्हणाला. बसमधली सगळी पोरं मला मिसेस पी म्हणायची, पॅस्कोचं पी, ती अजून तेच म्हणतात. मग त्याला रसेल दिसला. "काय रे रसेल, कधी आलास? आईने सांगितलं का माझं? अरे, पट्टा तुटलेला, डोकं ठिकाणावर नाही, बसलो आणि निघालो. शेतात पोचल्यावर शीळ घातली तर कुत्राच उतरेना. मागे बघतो तर कुत्रा नाही. मग बघतो तर गाडीच माझी नाही. बायको म्हणाली, आता मला पण कुठे विसरून येऊ नकोस म्हणजे झालं."

आणि रसेल हसला. पोट धरून हसला. माझा मुलगा इतका हसलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"होतं रे असं," तो म्हणाला. "मी तर परवा मॉलच्या पार्किंगमध्ये अर्धा तास गाडी शोधत होतो. वेगळ्याच मजल्यावर. शेवटी रखवालदाराने शोधून दिली."

"सगळ्या मेल्या गाड्या सारख्याच दिसतात."

"नाहीतर काय."

मी दोघांकडे बघत उभी होते, हातात ती तंगडी. मला वाटलं, आता. आता त्याचा हात खिशात जाईल. त्याला कळलं असेलच की, समोरच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. शेन चहा पिऊन, कोंबड्यांची चौकशी करून निघून गेला. रसेलने त्याला फाटकापर्यंत सोडलं. परत आला आणि म्हणाला, "चांगला माणूस आहे शेन."

"किल्ली," मी म्हटलं.

"आई, तो विषय वेगळा आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. करून गेला गाव आणि कांदेकराचं नाव, हे ऐकलं होतं. पण गाव करून गेलेला समोर बसून कबूल करतोय, लोक त्याच्या पाठीवर थाप मारताहेत, आणि तरी नाव कांदेकराचंच, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. शेन चुकला तेव्हा तो घाईत होता. रसेल चुकला तेव्हा मॉल मोठा होता. मी तर चुकलेच नव्हते. पण मी म्हातारी होते, आणि म्हातारीचं बरोबर वागणंसुद्धा विस्मरणात जमा होतं.

मी आरडाओरडा केला नाही. टोपी घातली आणि म्हटलं, "क्लेमच्या जेवणाची वेळ झाली. तुझी गाडी काढ."

त्याची गाडी मोठी, चकचकीत. लेन सोडली की किंचाळते, पुढे कुणी आलं की स्वतःच ब्रेक लावते, आणि गाडी उभी करायची तर स्टिअरिंगही आपलं आपण फिरवते. इतकी राखण असलेला माणूस मला सांगत होता की मला रस्ता झेपत नाही. वाटेत तो फोनवर दोनदा बोलला. मी खिडकीबाहेर बघत बसले. पिवळ्या रानात कापणी चालली होती आणि धूळ उडत होती.

क्लेम खिडकीशी बसला होता. रसेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, मी रसेल." क्लेमने त्याच्या शर्टाच्या गुंड्या बघितल्या. ताट आलं: कुस्करलेला भोपळा, बारीक केलेलं मटण, कस्टर्ड. मी चमचा रसेलच्या हातात दिला.

"मी?"

"तू. उद्यापासून तूच यायचंस. मला वीस किलोमीटरचं लायसन्स आहे."

त्याने प्रयत्न केला, हे खोटं कशाला बोलू. चमचा पुढे नेला, "घ्या ना बाबा" म्हणाला, आवाज मऊ केला. क्लेमने ओठ मिटले. रसेलने पुन्हा पुन्हा केलं. भोपळा क्लेमच्या हनुवटीवरून सदऱ्यावर आला. शेवटी मी चमचा घेतला, आणि क्लेमने माझ्याकडे न बघताच तोंड उघडलं. सगळं ताट संपवलं त्याने.

रसेल भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

कस्टर्ड संपल्यावर तो म्हणाला, "चल आई. मला तुला सोडून परत जायचंय. अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात, आणि उद्या सकाळी माझी मीटिंग आहे."

"तू नीघ. मी इथेच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे या खुर्चीत. उद्या बाराला मला इथे असायला हवं. घरी गेले तर यायची सोय नाही. म्हणून जात नाही."

"आई, तमाशा करू नकोस."

"तमाशा सकाळी सुरू झाला. मी फक्त बसलेय."

त्याने ब्रिआनाला बोलावून आणलं. ती आपले पांढरे दात घेऊन आली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. "नोला डार्लिंग, पाहुण्यांना इथे राहता येत नाही. नियम आहे."

"मग मला घरी जायला हवं. आणि उद्या परत यायला हवं. कसं ते तू सांग, फोन तू केला होतास."

"दर मंगळवारी ज्येष्ठांची बस असते ना कुलारीहून."

"मंगळवारी जेवलेला माणूस पुढच्या मंगळवारपर्यंत पुरतो का?"

"आम्हाला फक्त तुमची काळजी वाटली."

"काळजी तुझी, किल्ली त्याच्या खिशात, आणि उपास क्लेमला. छान वाटणी आहे."

ती उठली आणि रसेलकडे बघून खांदे उडवून निघून गेली. फोन करताना जीभ चालली होती, आता खांदे.

रसेल पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "आणि तू कुणाला ठोकलंस तर? रस्त्यात एखादं पोर आलं तर? मी रात्री झोपत नाही आई, हे तुला माहीत आहे का?"

त्या दिवसात त्याने विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता, म्हणून मी खरं उत्तर दिलं. "हे मी रोज स्वतःला विचारते. रोज, गाडी सुरू करायच्या आधी. डोळे दिसतात का, पाय वेळेवर पडतो का. रस्त्यावरची परीक्षा घेणार आहेत ना, घेऊ देत. तिथे नापास झाले तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन, रडणारसुद्धा नाही. पण तू परीक्षा घेतलीच नाहीस. तू कुत्र्यावरून निकाल लावलास, आणि कुत्रा ज्याचा होता त्याच्याबरोबर हसलास."

"मी हसलो ते..."

"हसलास."

बाहेर ऊन उतरायला लागलं. त्याने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळ. त्याला मला उचलून नेता येत नव्हतं आणि टाकून जाता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठेतरी अडकल्यासारखं झालं असेल. मी एका सकाळीत ते शिकले होते. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, असं म्हणतात. आमच्याकडे म्हातारी अजून जिवंत होती, तेवढाच फरक.

शेवटी त्याने खिशातून किल्ली काढली. माझ्या हातात दिली नाही. क्लेमच्या रिकाम्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "घे. पण काही झालं ना आई, तर मी तुला सांगितलं होतं, हे लक्षात ठेव. काही झालं तर."

मी किल्ली उचलली. जिंकले असं वाटलं. मला दारात सोडून तो तसाच शहराकडे गेला.

सोमवारी मी नेहमीच्या वेळेला निघाले. गाडी सुरू केली, आणि ते शब्द माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. काही झालं तर.

ज्या रस्त्यावर मी साठ वर्षं गाडी चालवली, तो रस्ता मला अनोळखी वाटू लागला. प्रत्येक फाट्यावरून कुणी येईल असं वाटायचं. वेग कमी केला, अजून कमी केला. मागून गव्हाचे ट्रक येऊन मला ओलांडून जायला लागले. हात घामाने स्टिअरिंगवरून घसरत होते, माझे हात, ज्यांनी चिखलात रुतलेली बस पोरांसकट बाहेर काढली होती. हमरस्त्याच्या चौकात मी थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे. लांबवर एक ट्रक होता. एरवी मी तो यायच्या आत दोनदा गेले असते. मी थांबले. मग दुसरा दिसला, मग तिसरा. मोकळा रस्ता मिळाला तरी पाय ब्रेकवरून निघेना. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी हॉर्न वाजवला नव्हता, आणि मी दचकून गाडी अशी पुढे घातली की समोरून येणाऱ्याला करकचून ब्रेक लावावा लागला.

काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि ते म्हातारपणाने झालं नसतं, भीतीने झालं असतं. घाबरलेल्या माणसाच्या हातात गाडी देऊ नये, हे नवीन ड्रायव्हरना शिकवताना मी दहादा सांगितलं होतं. माझ्या हातात ती भीती कुणी दिली, हे मला ठाऊक होतं. पुढचा सगळा रस्ता मी अंग चोरून, कडेकडेने चालवला.

पोचले तेव्हा ताटांची ढकलगाडी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. नर्स म्हणाली, "आज उशीर झाला नोला. मी बघितलं भरवून, तोंडच उघडेना. स्वयंपाकघर बंद झालं आता." क्लेम खिडकीशी होता. सदऱ्यावर भोपळ्याचे डाग होते. मी त्याच्या शेजारी बसले, तर त्याने तोंड उघडलं आणि वाट बघत राहिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रसेल होता.

"आई, नीट पोचलीस ना?"

"पोचले," मी म्हटलं. "तुला हवी तशी चालवत पोचले. तुझा बाप उपाशी आहे."